अमरावतीले इमान आलं

वऱ्हाडी बोलीत शब्दाच्या तोंडाशी असलेला 'वि' टिकत नाही. विहिरीची इहीर होते, विजेची ईज, विंचवाचा इच्चू आणि विस्तवाचा इस्तो. त्याच न्यायानं विमानाचं इमान झालं. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेलं अलायन्स एअरचं एटीआर विमान अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या धावपट्टीवर टेकलं, तेव्हा आसपासच्या शिवारांत बातमी 'अमरावतीले इमान आलं म्हने' अशीच फिरली असणार. पुण्याकडच्या पाहुण्यानं हे वाक्य ऐकलं तर तो बुचकळ्यात पडेल. आजवर या शहरात प्रामाणिकपणाच नव्हता की काय!

कारण मराठीच्या घरात आणखी एक इमान आधीच राहत होतं. ते अरबी 'ईमान', फारसीच्या बोटाला धरून आलेलं. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होतं, त्यामुळे कचेरीतली फारसी इथे गावच्या पारापर्यंत झिरपली. इमानदार, बेइमान, इमानेइतबारे हे सगळं तिचंच गोत्र. संस्कृत विमान आणि अरबी ईमान यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण वऱ्हाडी जिभेनं 'व' गिळला आणि दोघांना एकाच नावानं हाक मारली जाऊ लागली. अकोल्याच्या शिवणीला १९४३ साली बांधलेला विमानतळ आहे. त्याची धावपट्टी लांबवायची, शेजारच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन त्यासाठी घ्यायची, ही चर्चा शहरानं वर्षानुवर्षं ऐकली आहे. तेव्हा अकोल्याचा माणूस एखाद्या पुढाऱ्याला 'इमान कधी येईन?' असं विचारतो, त्या वेळी प्रश्न दोहोंपैकी कोणत्या इमानाचा, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

अमरावतीचं नाव तर या बाबतीत अजूनच अवघडलेलं. पुराणांतली अमरावती ही इंद्राची राजधानी, आणि तिथे विमानांना काय तोटा? गंधर्व, अप्सरा, पुण्यवान माणसं, सगळ्यांची ये-जा विमानातूनच. आमच्या अमरावतीला मात्र हे नाव स्वर्गातून आलेलं नाही. जुनं रूप उदुंबरावती, त्याचं प्राकृत उंबरावती, आणि पुढे उंबराचं अमर झालं, असं गॅझेटियरसारख्या ग्रंथांतून सांगितलं जातं. म्हणजे उंबराच्या झाडांचं गाव इंद्राच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

आता खुद्द 'विमान'. त्यातला 'मान' हा मोजण्याचा. 'मा' म्हणजे मापणे. प्रमाण, परिमाण, अनुमान, तापमान ही सगळी त्याच धातूची लेकरं. 'वि' लागला की अर्थ होतो मोजून आखणं, पार करत जाणं. ऋग्वेदात हा शब्द अवकाश मोजून काढणाऱ्याला लावलेला आढळतो. देव पावलांनी आभाळ मोजतो, तो विमान. तिथे यंत्र नाही, पंख नाहीत, इंधन तर नाहीच. पुढे मोजून-मापून बांधलेल्या वास्तूला विमान म्हणू लागले. शिल्पशास्त्रात देवळाचा गाभारा आणि त्यावरचं शिखर मिळून जो भाग होतो तो विमान. दक्षिणेत हा शब्द आजही या अर्थानं रोजच्या वापरात आहे, आणि तंजावरच्या बृहदीश्वराचं विमान पाहायला माणसं लांबून जातात. अनेक मजल्यांच्या राजवाड्यालाही विमान म्हटलेलं आहे. मग देवाचा वाडा आभाळात असतो, तो हवा तिकडे जातो, अशी कल्पना आली, आणि रामायणातलं पुष्पक हे मूळचं असं चालतं-उडतं घर. अमरकोशाच्या काळापर्यंत 'व्योमयान' हा त्याचा सरळ प्रतिशब्द झालेला होता.

एक दुसरी व्युत्पत्ती लोकांना फार आवडते. 'वि' म्हणजे पक्षी, 'मान' म्हणजे बरोबरी, म्हणून पक्ष्यासारखं ते विमान. 'वि' म्हणजे पक्षी हे खरंच आहे. पण ही फोड आधी अर्थ ठरवून मग केलेली आहे, आणि ती 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ज्या पोथीतून मिरवली जाते ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहवून घेतलेली आहे. १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तिच्यातली विमानं तपासली आणि ती उडू शकणार नाहीत असा निर्वाळा दिला. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' उडवल्याची गोष्ट दर काही वर्षांनी नव्यानं सांगितली जाते. गोष्ट रंजक आहे, पुरावा तितका दमदार नाही. मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र, हे नाव मात्र मला मनापासून आवडतं.

माझा मुद्दा साधा आहे. शब्द जुना म्हणून वस्तू जुनी, असं होत नाही. शब्द रिकामे राहत नाहीत. त्यांच्यातला जुना भाडेकरू गेला की नवा येतो. वऱ्हाडात तर हे फारच उघड दिसतं, कारण आकाशाचे सगळे मोठे शब्द इथे यंत्राच्या कितीतरी आधी मुक्कामाला आले होते.

'अंतरिक्ष' घ्या. वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे. १९९८ पर्यंत हे गाव अकोला जिल्ह्यात होतं. तिथला पार्श्वनाथ हा अंतरिक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जाई, आता कापड सरकवता येतं, असं भाविक सांगतात. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्प' लिहिला, त्यात या तीर्थावर स्वतंत्र प्रकरण आहे. कथा अशी की रावणाच्या कामगिरीवर निघालेले माली आणि सुमाली आकाशातून विमानानं चालले होते. पूजेची मूर्ती बरोबर घ्यायला सेवक विसरला, म्हणून वाटेत उतरून वाळूची मूर्ती केली आणि पूजेनंतर तळ्यात सोडून दिली. पुढे कित्येक काळानं त्या तळ्याच्या पाण्यानं एका राजाचा रोग बरा झाला. लोक त्याला एलिचपूरचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या आजच्या अचलपूरचा, ईल राजा म्हणतात. त्यानं मूर्ती बाहेर काढली, गाडीवर घेतली, वाटेत मागे वळून पाहिलं आणि मूर्ती जिथल्या तिथे हवेत थांबली. विमान आणि अंतरिक्ष हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीत, तेही वऱ्हाडाच्या मातीवर, आणि अंतराळात जाणारं पहिलं रॉकेट उडायच्या शेकडो वर्षं आधी. (त्या देवाच्या मालकीवरून जैनांच्या दोन पंथांत झालेला तंटा कोर्टात गेला, देऊळ कितीतरी वर्षं बंद राहिलं आणि २०२३ साली उघडलं. जमिनीला न टेकणाऱ्या मूर्तीलाही जमिनीचे खटले चुकले नाहीत.)

अंतरिक्षाची नेमकी फोड कशी करायची यावर जुन्या वैयाकरणांपासून मतभेद आहेत, पण 'अंतर' म्हणजे 'मधलं' यावर सगळे एक आहेत. वर द्यौ, खाली पृथ्वी, मधला पट्टा तो अंतरिक्ष. वाऱ्याचं, पावसाचं, पाखरांचं राज्य. या जुन्या हिशेबानं अंतरिक्षातून खरा प्रवास होतो तो सहा-सात किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या एटीआरचा. आज ज्याला आपण अंतराळ म्हणतो ते शंभर किलोमीटरवरच्या कारमन रेषेच्या पलीकडे सुरू होतं, म्हणजे वेदांचा अंतरिक्ष संपल्यावर. हिंदीनं तरी अंतरिक्ष हाच शब्द वर ढकलला. मराठीनं त्याच्या शेजारचा 'अंतराळ' उचलला.

आणि हा अंतराळ कुठून आणला? देवळातून. हेमाडपंती देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये जो अरुंद, काळोखा टप्पा असतो त्याचं नाव अंतराळ. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन पाहा. मंडपातून निघालात की आधी अंतराळ लागतो, मग गाभारा, म्हणजे विमानाचा खालचा भाग. आपल्या वैज्ञानिक परिभाषेतले दोन मोठे शब्द तिथे दगडात एकमेकांना खेटून उभे आहेत, फक्त क्रम उलटा: तिथे अंतराळ ओलांडल्यावर विमान येतं. बोलण्यातही 'अंतराळी लोंबकळणे' म्हणजे वर आधार नाही, खाली आधार नाही, अशी अवस्था. नोकरीचं कागदपत्र अडकलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

वऱ्हाडी बोलीत 'ळ'चाही 'य' होतो. डोळ्याचा डोया, पोळ्याचा पोया, आभाळाचं आभाय. म्हणजे नियम पाळायचा तर अंतराळाचा उच्चार 'अंतराय' व्हायला हवा. अंतराय म्हणजे अडथळा, विघ्न! अंतराळ हा पुस्तकी शब्द असल्यानं तो सहसा तसा घासला जात नाही, पण शाळकरी पोराच्या तोंडून कधी निसटला तर हसू नये. विमानाचं इमान आणि अंतराळाचा अंतराय, ही जोडी एखाद्या चांगल्या विनोदी लेखकाला सुचली असती तर तो खूश झाला असता. इथे ती केवळ ध्वनिनियमांनी जुळवली आहे.

तिसरा दावेदार 'अवकाश'. अवकाशयान, अवकाशयात्री हे शब्दही मराठीत चालतात. अवकाश म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळा वेळसुद्धा. 'पेरणीला अजून अवकाश आहे' यात काळ आहे. अवकाशासह ते सावकाश. म्हणजे ज्याच्यापाशी जागा नि वेळ दोन्ही आहेत तो सावकाश चालतो. शेजारच्या हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. अमरावती-अकोल्याच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच गाडीवर वडे खातात, तेव्हा तिथे 'अवकाशयात्री' म्हटलं तर हिंदीवाल्याच्या डोळ्यांसमोर चिखलदऱ्याला निघालेलं सहकुटुंब येईल. हे एक कारण 'अंतराळ'च्या बाजूनं मत द्यायला पुरेसं आहे.

'वैमानिक' या शब्दाची अमरावतीशी असलेली ओळख थोड्यांनाच ठाऊक असेल. जैन शास्त्रात देवांचे चार वर्ग आहेत: भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क आणि वैमानिक. वैमानिक सगळ्यांत वरचे, विमानांत राहणारे. या शास्त्राचा प्राचीन ग्रंथ 'षट्खंडागम', त्यावरची 'धवला' टीका. तिचं संपादन डॉ. हीरालाल जैन यांनी केलं, आणि ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत, संस्कृत शिकवत होते. पहिला खंड १९३९ साली अमरावतीहूनच निघाला. वैमानिक हा शब्द इथल्या छापखान्यात खिळे जुळवून छापला गेला तेव्हा तो देवांबद्दल होता. आता बेलोऱ्यालाच एअर इंडियानं वैमानिक-प्रशिक्षणाची संस्था उभारायला घेतली आहे. या नव्या वैमानिकांना अमरत्वाऐवजी परवाना मिळेल, आणि तोही तपासण्या पार करून.

'रॉकेट'ला मराठीत दोन जुनी नावं होती. मराठ्यांच्या फौजेत दारू ठासलेली नळी सोडायचे तिला बाण म्हणत, सोडणाऱ्याला बाणदार. आतषबाजीत आकाशात झेपावणारी ती हवई, अरबी 'हवा'पासून. शाळेच्या पुस्तकांनी बाणाला अग्नी जोडून अग्निबाण केला आणि हवई बिचारी मागे पडली, ती हवाई दल, हवाई मार्ग यांत विशेषण होऊन राहिली. टिपूच्या लोखंडी नळीच्या बाणांचा तडाखा आर्थर वेलस्लीनं १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या बाहेर खाल्ला होता. हाच वेलस्ली चार वर्षांनी वऱ्हाडात आला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी त्यानं आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसले-शिंद्यांच्या फौजेला हरवलं, आणि १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड घेतला. इंग्लंडात विल्यम काँग्रीव्हनं म्हैसूरचे बाण समोर ठेवून आपले बाण बनवायला घेतले तेही याच सुमारास.

पण ज्या इंग्रजी शब्दानं बाणाला हटवलं, त्याचं कुळ वऱ्हाडच्या माणसानं जाणून घ्यावं असं आहे. रॉकेट आलं इटालियन 'रोक्केत्ता'वरून, आणि रोक्का म्हणजे सूत कातताना लोकर किंवा कापूस ज्या काठीला गुंडाळून ठेवतात ती काठी. लांबट दांडी, तिच्या टोकाशी फुगीर गुंडाळा. आतषबाजीच्या बाणाचा आकार कुणाला तरी तसा दिसला आणि नाव चिकटलं. म्हणजे श्रीहरिकोट्याहून जे उडतं त्याचं नाव मूळचं कातणाऱ्या बाईच्या हातातलं. कापसावर जगलेल्या आणि कापसानं रडवलेल्या या मुलखात रॉकेटसारखा परका शब्दही असा घरचा निघावा! इटलीतल्या कुण्या आजीकडे रोक्का होती, म्हणून तिथे प्राचीन काळी क्षेपणास्त्रं होती असा दावा मात्र तिथे कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

'स्पुतनिक'ही असाच. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघानं पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, त्याचं नाव रशियनमध्ये साधं 'वाटेवरचा सोबती' असं आहे. त्यातला 'पुत्' म्हणजे वाट, आणि तो संस्कृत पंथाचा सख्खा भाऊ. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' तिथे सिद्ध केलं, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. स्पुतनिकला 'सहपंथी' म्हटलं असतं तर रिद्धपूरला तो शब्द परका वाटला नसता. आपण 'उपग्रह' म्हटलं, ग्रहाच्या जवळचा तो उपग्रह. ग्रह म्हणजे धरणारा, पकडणारा. माणसाच्या मानगुटीवर बसतो म्हणून ग्रह. सोबत्यापेक्षा हे नातं जरा भीतीचं आहे.

अंतराळात जाणाऱ्या माणसाला इंग्रजीनं ताऱ्यांचा खलाशी केलं, हिंदीनं यात्री. मराठीनं वीर केलं. १२ एप्रिल १९६१ चा गागारिन आणि ३ एप्रिल १९८४ चा राकेश शर्मा, दोघेही आमच्याकडे अंतराळवीर. वीरगळ पुजणाऱ्या भाषेला दुसरं काय सुचणार!

लोणारचा उल्लेख मघाशी ओझरता झाला. लवणापासून लोण, त्यावरून लोणार. खाऱ्या पाण्याचं गाव. पुराणकथेनं त्यात लवणासुर घातला आणि दैत्यसूदन विष्णूकडून त्याला मारवलं. शास्त्रज्ञ बराच काळ त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खड्ड्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. तो आघातानं झालेला आहे, हे १९७३ साली तिथल्या खडकांच्या अभ्यासातून ठाशीवपणे मांडलं गेलं. काळ्या बेसॉल्टमधला असा खड्डा पृथ्वीवर दुर्मिळ, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक बुलढाणा जिल्ह्याची वाट धरतात. वरून आलेल्या दगडाला मराठी परिभाषेनं 'अशनी' म्हटलं. वेदांत अशनी म्हणजे इंद्राची वीज. उल्का म्हणजे पेटतं कोलीत. 'विवर' म्हणजे उघडं भोक, साप राहतो तसलं. आघाताचे शब्द असे सरळ आहेत, त्यांत फार गुंतागुंत नाही.

गुंता आहे तो 'कक्षे'त. उपग्रह कक्षेत सोडतात, भ्रमणकक्षा वाढवतात, चांद्रयान-३ पृथ्वीची कक्षा सोडून चंद्राच्या कक्षेत शिरलं आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलं. सूर्यसिद्धांतासारख्या ग्रंथांत ग्रहाच्या फिरण्याच्या मार्गाला कक्षा म्हटलेलं आहे, तेव्हा हा अर्थ नवा नाही. त्याही आधी कक्षा म्हणजे कमरेचा पट्टा, अंगाला वेढणारी दोरी. आणि कक्ष म्हणजे बगल. त्या कक्षाची प्राकृतात झीज होऊन मराठीला काख मिळाली. इस्रोच्या बातमीतली कक्षा आणि पोराला कडेवर घेणाऱ्या बाईची काख एकाच घरच्या. आता 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण पुन्हा म्हणून पाहा. कक्षाही आहे, फेराही आहे. नसलाच तर फक्त उपग्रह.

कक्षेत फिरणारी वस्तू पुरेशी खाली असेल तर विरळ हवेचं घर्षण तिला हळूहळू मंद करतं, फेरे लहान होत जातात आणि एक दिवस ती दाट हवेत शिरून पेट घेते. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून पेटत्या ठिणग्यांची रांग गेली ती अशीच. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान कोसळलं म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलेलं सापडलं. चीनच्या लाँग मार्च अग्निबाणाचा तो अवशेष असावा असं अभ्यासकांचं म्हणणं पडलं. कक्षेतून निसटलेलं ते कडं पुढे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झालं.